चिलखतांचं कोठार

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराचा मुख्य रस्ता म्हणजे हेरेनगासे. मधून ट्राम धावते, दोन्ही अंगांना कपड्यांची, चपलांची, केकची दुकानं आहेत. त्याच ओळीत १६ क्रमांकाची इमारत रस्त्याला लागून उभी आहे. दारापाशी युद्धदेव मार्स आणि देवी मिनर्व्हा यांचे दगडी पुतळे आहेत. ते पाहिले की आत दुकान नाही, एवढं लक्षात येतं. आत चार मजले भरून चिलखतं, शिरस्त्राणं, बंदुका, भाले आणि तलवारी आहेत, सगळ्या मिळून सुमारे ३२ हजार वस्तू. हे स्टायरिया प्रांताचं जुनं शस्त्रागार. १६४२ ते १६४५ या काळात आंतोनिओ सोलार या वास्तुविशारदाने ते बांधलं. आपल्या मूळ इमारतीत टिकून राहिलेलं हे जगातलं सर्वांत मोठं ऐतिहासिक शस्त्रागार मानलं जातं.

चिलखत म्हटलं की आपल्याला राजे आणि सरदार आठवतात. वाड्यांत नि संग्रहालयांत आपण जे पाहतो ते बहुधा त्यांचंच असतं: काचेच्या पेटीत एकुलतं एक, त्यावर सोन्याचं कोफ्तकाम, वरून दिव्याचा झोत. ते देखणं असतंच. पण लढाईत राजे किती आणि बाकीचे किती? त्या बाकीच्यांच्या अंगावर काय होतं, ते कोणी बनवलं, पैसे कोणी मोजले, याचं उत्तर त्या पेटीत मिळत नाही. ग्राझला मिळतं, असं वाचलं होतं. म्हणून व्हिएन्नाला गेले तेव्हा तिथले राजवाडे थोडे कमी करून ग्राझची गाडी पकडली.

व्हिएन्नाहून ग्राझ रेल्वेने अडीचेक तासांवर आहे. वाटेत झेमरिंगचा घाट लागतो. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने बांधलेला हा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला, म्हणजे आपल्या बोरघाटातून आगगाडी धावायला लागली त्याच्या नऊ वर्षं आधी. दगडी कमानींचे दुमजली पूल, बोगदे, पुन्हा पूल. नोव्हेंबर होता, वरच्या पाइनच्या रानावर बर्फ भुरभुरलेला होता. घाट उतरल्यावर गाडी ब्रुक या गावापाशी मुर नदीला मिळते आणि नदीचं बोट धरून दक्षिणेला ग्राझकडे निघते.

हे खोरं नीट पाहून घ्यावं, कारण ग्राझच्या चिलखतांची गोष्ट इथून सुरू होते. ब्रुकच्या वायव्येला डोंगरांत एर्झबर्ग आहे. तो अख्खा डोंगरच लोहखनिजाचा. मध्ययुगापासून तो खणला जातोय आणि आजही तिथे खाण चालू आहे. पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला त्याचा उतार फोटोंत पाहिला तरी ओळखू येतो. खनिज डोंगरात, कोळशासाठी लाकूड आजूबाजूच्या रानात, आणि मोठे घण चालवायला उतारावरून धावणारे ओढे. पोलाद करायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच मुलखात.

तेवढ्यावर शस्त्रागार उभं राहत नाही, त्याला भीतीही लागते. ती ग्राझला भरपूर होती. १५२६ साली मोहाचच्या लढाईत ऑटोमन तुर्कांनी हंगेरीच्या राजाचा पराभव केला आणि १५२९ मध्ये सुलतान सुलेमानचं सैन्य थेट व्हिएन्नाच्या तटापाशी आलं. स्टायरिया हा ऑस्ट्रियाच्या आग्नेय कोपऱ्यातला प्रांत, त्यामुळे पुढची दीडशे वर्षं तो सरहद्दीच्या सावलीत जगला. खरं तर भीती त्याच्याही आधीची आहे. ग्राझच्या कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर १४८५ च्या सुमाराचं एक भित्तिचित्र आहे. १४८० या एकाच वर्षात शहरावर कोसळलेली तीन संकटं त्यात दाखवली आहेत: टोळधाड, प्लेग आणि तुर्कांचा हल्ला. रंग खूप उडालेत. उन्हात उभं राहून डोळे बारीक करावे लागतात, तेव्हा कुठे आकृती सुटी होते. शस्त्रागार पाहायच्या आधी हे चित्र पाहावं. माणसं कशाला घाबरत होती हे कळलं की त्यांनी एवढं लोखंड का साठवलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

१५७८ साली ब्रुकला या भागातल्या प्रांतांची सभा भरली आणि क्रोएशियातल्या सरहद्दीचा खर्च आपण उचलायचा असं ठरलं. दुसऱ्याच वर्षी तिथे कार्लोवात्सचा किल्ला बांधायला घेतला. पगार, दारूगोळा, रसद, शस्त्रं हे सगळं ज्या प्रांतांच्या माथी आलं त्यांत स्टायरिया होता आणि ग्राझ हे त्याचं मुख्य ठाणं. म्हणून हे कोठार. ते ना कुणा राजाच्या हौसेचं, ना कुणा सरदाराच्या वाड्याचं. प्रांताच्या प्रतिनिधींनी कराच्या पैशातून भरलेलं ते सरकारी गोदाम होतं.

नोव्हेंबर ते मार्च या काळात आत एकट्याने फिरता येत नाही, मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. इमारत तापवण्याची सोय नाही, हे त्यामागचं कारण. आमच्या गटाच्या मार्गदर्शक बाईंनी आधीच सांगितलं, की कोट काढू नका, बाहेरच्यापेक्षा आत थंडी जास्त वाटेल. तसंच झालं. जिने, जमीन, तुळया, छत सगळं लाकडाचं. हवेतला दमटपणा लाकूड शोषून घेतं आणि त्यामुळे पोलादाला गंज कमी चढतो, असं त्या म्हणाल्या. कोकणातल्या पावसात विळ्या-कोयत्यांची काय गत होते ते पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व सांगायला नको.

खालच्या मजल्यावर बंदुकाच बंदुका आहेत. मी तिथे फार थांबले नाही. चिलखतांच्या मजल्यावर आलो आणि गटातली बडबड आपोआप बंद झाली. तुळयांना ओळीने शिरस्त्राणं टांगलेली आहेत. खाली लाकडी घोड्यांवर छातीचे पत्रे, पाठीचे पत्रे, गळपट्ट्या. एकासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं तिसरं, नजर पोचेल तिथवर. आणि बहुतेक सगळी काळी.

या काळ्या चिलखतांनीच मला सर्वांत जास्त वेळ धरून ठेवलं. सरदाराचं चिलखत घासून आरशासारखं चकचकीत करत, मग त्यावर आम्लाने नक्षी कोरत. त्या कामाला दिवस लागत आणि दाम लागे. साध्या शिपायाच्या चिलखतासाठी एवढे सोपस्कार कोण करणार? घणाखालून निघालेला पत्रा तसाच ठेवायचा, वरून काळा थर द्यायचा, म्हणजे गंजही चढत नाही आणि घासायची मजुरीही वाचते. जवळून पाहिलं तर पत्र्यावर हातोड्याच्या टोल्यांच्या उथळ खुणा दिसतात. ठरावीक मापांत, घाऊक बनवलेला हा माल. छाती, पाठ, गळा, मांड्यांचा वरचा भाग आणि डोकं एवढंच झाकायचं. गुडघ्याखाली काही नाही. पायदळाच्या माणसाला मैलोन् मैल चालायचं असे. पायात लोखंड चढवलं तर तो रणांगणापर्यंत पोचायचाच नाही.

बाईंनी हाताळायला ठेवलेला एक छातीचा पत्रा आमच्याकडे दिला. आधी वजन जाणवलं, मग आकार. मधोमध एक उभी धार, दोन्ही बाजूंना उतार. ही धार शोभेसाठी नाही. भाल्याचं टोक किंवा तलवारीचं पातं सपाट पत्र्यावर आदळलं तर सगळा जोर तिथेच उतरतो. उतारावर आदळलं तर ते घसरून बाजूला जातं. गळ्याच्या आणि बगलेच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवून गोल केलेल्या होत्या. घसरत आलेलं टोक तिथे अडावं, गळ्यात किंवा बगलेत शिरू नये, म्हणून ही तजवीज. कडेने बोट फिरवत गेले तर पुढचा पत्रा मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होत गेलेला कळत होता. पाठीचा पत्रा तर सगळाच पातळ असतो. समोरून येणाऱ्या वारासाठी जास्त लोखंड, मागून येणाऱ्यासाठी कमी. लोहाराने प्रत्येक तोळ्याचा हिशेब केलेला होता.

मग त्यांनी भिंतीकडच्या एका पत्र्यावर बोट ठेवलं. उजव्या बाजूला रुपयाएवढा खळगा होता. लढाईतला? नाही, तो कारखान्यातला होता. पत्रा तयार झाला की काही अंतरावरून त्यावर खरी गोळी झाडत. गोळी आरपार न जाता खळगा पडला, तर माल पास. तो खळगा बुजवत नसत, कारण तोच दर्जाचा शिक्का. घेणाऱ्याने तो बघायचा आणि मग पैसे मोजायचे. अशा खळग्याच्या चिलखताला जास्त जाड पत्रा लागे, म्हणजे जास्त वजन आणि जास्त किंमत. काळ्या चिलखतांच्या त्या लांबलचक ओळीत अनेकांवर असा खळगा नाही. ती चिलखतं तलवार आणि भाला अडवायची. बंदुकीच्या गोळीपुढे त्यांच्या मालकाला नशिबावर हवाला ठेवावा लागे.

चिलखताचा अर्थ मला इथे समजला. कोणाचं शरीर किती जपायचं, याचा ठराव म्हणजे चिलखत. तो ठराव आधी तिजोरीपाशी होतो, मग भट्टीत आणि शेवटी माणसाच्या अंगावर. कोठारातल्या याद्यांत नग मोजलेले असतात. पण कोणत्या शिपायाला जाड पत्रा आणि कोणाला पातळ, हे ठरवणारं कोणीतरी होतंच.

सरदारांची चिलखतंही इथे आहेत आणि ती पाहताना कारागिरीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. आउग्सबुर्ग, न्युर्नबर्ग, इन्सब्रुक या शहरांतल्या लोहारांच्या घराण्यांचं जगभर नाव होतं. आउग्सबुर्गच्या मालावर पाइनच्या फळाचा छोटा ठसा असे. पोलादाला पाणी देऊन ते कडक करण्याची इन्सब्रुकवाल्यांची हातोटी होती. मी एका दस्तान्यासमोर बराच वेळ उभी होते. एकेका बोटावर नखाएवढे पत्रे, एकावर एक सरकणारे. बोट वाकलं की वरचा पत्रा खालच्यावर चढतो, सरळ केलं की उतरतो, आणि मधे कुठेही कातडं उघडं पडत नाही. रिव्हेट बसवायचं भोक गोल न ठेवता लांबट ठेवलेलं, म्हणजे पत्रा घट्टही राहील आणि सरकेलही. हे कसब डोळ्यांनी पाहून शिकलेल्या माणसांचं आहे, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत नसेल.

चिलखत घातलेल्या माणसाला घोड्यावर चढवायला कप्पी लागायची, असा एक समज सिनेमांनी पसरवलाय. तो साफ खोटा आहे. लढाईच्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण २० ते २५ किलो. ते खांद्यावर एकवटत नाही, पट्ट्या आणि बंदांनी सगळ्या अंगावर वाटलं जातं. तरबेज माणूस त्यात धावायचा, पडला तर उठायचा, स्वतःच्या बळावर घोड्यावर चढायचा. त्याची किंमत मात्र दमाने चुकवावी लागे. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली चिलखत घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून-पळवून पाहिलं. लागणारी शक्ती जवळपास दुप्पट भरली. पाठीवर तेवढंच वजन घेऊन चालण्यापेक्षाही ते जास्त दमवणारं होतं, कारण पायांत अडकवलेलं लोखंड प्रत्येक पावलाला उचलावं लागतं आणि छातीवरचा पत्रा श्वास भरून घेऊ देत नाही. जुन्या लढायांत चिखलात अडकलेले बलदंड सरदार का हरले, याचं एक कारण यात असावं.

एका कोपऱ्यात कड्यांची चिलखतं टांगलेली आहेत. इतका वेळ परकं वाटत असलेलं शस्त्रागार इथे एकदम घरचं वाटायला लागलं, कारण आपल्या तोंडी असलेलं चिलखत बहुधा हेच. लोखंडी तारेच्या हजारो कड्या. एकेक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली आणि तिची टोकं छोट्या रिव्हेटने बंद केलेली. कापडासारखं अंगावर पडतं, घडी होते, वरून अंगरखा घातला तर दिसतही नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीला गेले तेव्हा अंगरख्याआड चिलखत आणि मंदिलाआड लोखंडी टोप होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. खानाचा वार चिलखतावर खरखरला, हे तर मराठी घरातलं प्रत्येक पोर सांगू शकेल. ग्राझच्या त्या कोपऱ्यात उभं राहून मला त्या निवडीतली बुद्धी नव्याने कळली. पत्र्याचं चिलखत लपत नाही. कड्यांचं लपतं. आणि मिठीत येणारा वार कट्यारीचा, जवळून आणि घसटून असणार. घसटणारं पातं अडवण्यात कड्यांचा हात धरणारं दुसरं काही नाही. त्याची कमजोरी दुसरीकडे आहे. गदेचा किंवा कुऱ्हाडीचा दणका कड्या थोपवत नाहीत, आतलं हाड मोडतं. म्हणून खाली जाड, कापूस किंवा तागाचे थर शिवलेला अंगरखा लागतो. पोलाद पातं अडवतं, कापड दणका पितं. भारत असो की युरोप, हे जोडकाम सगळीकडे सारखं आहे.

स्टायरियाच्या बाजूने लढणारे हंगेरियन घोडेस्वार अशीच कड्यांची चिलखतं वापरत, कारण त्यांना तुर्की स्वारांसारखं चपळ राहायचं होतं. त्यांच्या डोक्यावरचं शिरस्त्राण तर सरळसरळ तुर्कांकडून उचललेलं आहे: वर निमुळता घुमट, पुढे झापड, नाकावर उतरणारी एक पट्टी, कानांवर दोन पाखे आणि मानेवर कोलंबीच्या पाठीसारखे एकावर एक सरकणारे पत्रे. ज्याच्या भीतीने कोठार भरलं, त्याचंच शिरस्त्राण चांगलं म्हणून घेतलं, आणि पुढे ते युरोपभर पसरलं. जिवाची गाठ पडली की माणूस शत्रूचाही गुण पारखून घेतो, याचा पुरावा त्या तुळयांवर रांगेने टांगला आहे.

घोड्याची पाखरही इथे आहे, डोकं, मान, छाती आणि पुठ्ठे झाकणारी. ती पाहताना लीड्सच्या शस्त्रसंग्रहालयातली हत्तीची पाखर आठवल्याशिवाय राहत नाही. ती भारतात बनली आणि १८०१ साली लेडी क्लाइव्ह यांनी ती विलायतेला नेली. आज तिचे काही भाग नाहीत, तरी उरलेल्याचं वजनच ११८ किलो आहे. आपल्याकडच्या कारागिरांचं एवढं मोठं काम पाहायला आपल्याला इंग्लंडला जावं लागतं, याचं वाईट वाटतं.

चिलखत संपलं कसं, हेही इथे मजल्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं की दिसतं. बंदूक जसजशी जोरदार झाली तसतसा छातीचा पत्रा जाड होत गेला. पण माणसाची पेलायची ताकद तेवढीच. मग एकेक भाग उतरवायला सुरुवात झाली. आधी नडगीवरचे पत्रे गेले, मग हातांवरचे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात घोडेस्वाराच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचं जडशीळ चिलखत होतं, नंतर फक्त छाती आणि डोकं, पुढे बऱ्याच फौजांनी तेही सोडलं. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहानंतर तुर्कांची सरहद्द दूर सरकली आणि ग्राझच्या कोठाराचं कामही संपत आलं.

१७४९ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसाने सैन्याचा सगळा कारभार व्हिएन्नात एकवटायला घेतला. तेव्हा हे जुनाट लोखंड मोडीत काढायचं ठरत होतं. स्टायरियाच्या प्रतिनिधींनी अर्ज केला, की हे आमच्या पूर्वजांच्या लढ्याचं स्मारक आहे, ते राहू द्यावं. सम्राज्ञीने मानलं. अठराव्या शतकाच्या मध्यात, वारसा जतन करण्याचे कायदे फारसे कुठे नसताना, एका प्रांताच्या लोकांनी भंगार ठरलेली चिलखतं वाचवली, याचं मला फार कौतुक वाटलं. आपल्याकडच्या किल्ल्यांतल्या किती तोफा नि किती पोलाद भट्टीत गेलं, ते आठवून जीव हळहळतो.

पुढची दीडशे-दोनशे वर्षं जगाने चिलखत जवळजवळ टाकूनच दिलं होतं. ते परत आलं पहिल्या महायुद्धात. खंदकांत बसलेल्या सैनिकांच्या डोक्याला वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे लागत होते आणि सैनिकांच्या डोक्यावर कापडी किंवा चामडी टोप्या होत्या. १९१५ साली फ्रेंचांनी आणि ब्रिटिशांनी पोलादी टोप काढले, पुढच्या वर्षी जर्मनांनी. अमेरिकेने तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले चिलखतांचे जाणकार बॅशफर्ड डीन यांना टोपांचे नमुने बनवायला सांगितलं. संग्रहालयातलं ज्ञान थेट खंदकात उतरलं. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनतज्ज्ञ बाईंनी शोधलेल्या धाग्यातून केव्लार आलं, आणि आजचं बुलेटप्रूफ जाकीट त्यातूनच घडलं. पण रायफलच्या गोळीपुढे तो धागाही एकटा पुरत नाही, त्याच्या पुढे सिरॅमिकची कडक पाटी बसवावी लागते. वर कडक, खाली मऊ: ग्राझच्या कोपऱ्यातली जोडी इथेही आहेच. आणि वजनाचा जुना हिशेबही. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभा कवच' तयार केलं ते जाकिटाचं वजन कमी करण्याच्या खटपटीतूनच.

ही आधुनिक गोष्ट ग्राझच्या दौऱ्यात नाही, पण महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाच्या मनात ती येतेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा, पोलीस अधिकारी हेमंत करकरे डोक्यावर हेल्मेट आणि अंगात जाकीट चढवत असलेले साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिले. काही वेळातच कामा रुग्णालयाजवळ करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांना वीरमरण आलं. पोलिसांच्या जाकिटांचा दर्जा आणि खरेदी यावर त्यानंतर कित्येक वर्षं महाराष्ट्रात चर्चा होत राहिली. आणि त्याच रात्री गिरगाव चौपाटीपाशी सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात होती फक्त लाठी. त्यांनी दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं गेलं. पत्र्यावर गोळी झाडून, खळगा दाखवूनच माल ताब्यात घ्यायची चार-साडेचार शतकांपूर्वीची पद्धत मला म्हणून मोलाची वाटते. जो माल शिपायाच्या अंगावर जाणार, तो आधी डोळ्यांदेखत तपासायचा. यात तडजोड नको.

ग्राझला जाणाऱ्यांनी शस्त्रागारासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. लागूनच लांडहाउस आहे, प्रांताच्या प्रतिनिधींची सभा जिथे भरायची ती इमारत. दोमेनिको देल्लालिओने बांधलेल्या तिच्या कमानींच्या चौकात थोडा वेळ बसावं. कॅथीड्रलच्या भिंतीवरचं चित्र तिथून चालत काही मिनिटांवर आहे, ते आधी पाहावं. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये गेलात तर आपल्या आपण, हवा तेवढा वेळ फिरता येतं. तरीही मी हिवाळ्यात जा असंच सांगेन, कारण समजावून सांगणारं माणूस सोबत असल्याशिवाय त्या काळ्या पत्र्यांमधला फरक कळत नाही. स्वेटर दोन घाला, आणि मार्गदर्शकाला खळगा असलेला पत्रा आणि खळगा नसलेला पत्रा असे दोन्ही दाखवायला सांगा.